आधी विचारा, मग वाखाणा

‘कलेला भाषा नसते’, हे वाक्य आपल्या समारंभांतून इतक्या वेळा ऐकू येते की त्याची शहानिशा करण्याची गरज कोणालाच वाटत नाही. मला ते मान्य नाही.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात न्यू गिनी बेटावरील अस्मात जमातीचे ‘बिस’ नावाचे उंच कोरीव खांब उभे आहेत. प्रेक्षक त्यांचे सौंदर्य वाखाणतात. परंतु ते खांब प्रदर्शनासाठी घडलेच नव्हते. त्यांवर एकावर एक कोरलेल्या आकृती म्हणजे गावातली दिवंगत माणसे. उत्सव संपला की खांब सागोच्या बनात नेऊन ठेवीत. तेथे तो कुजावा आणि त्याचे सामर्थ्य अन्न देणाऱ्या झाडांत उतरावे, ही श्रद्धा. ज्या कुजण्याने खांबाचे कार्य पूर्ण होई, तेच आपण संग्रहालयात रोखले आणि त्याला कलेची कदर म्हटले!

कोणी म्हणेल, ‘फादर, त्या विधीमागे सूड होता, नरमुंडांची शिकार होती; त्याचे कौतुक कशाला?’ आक्षेप खरा आहे. सुवार्तेला सूड कधीच मान्य होणार नाही. परंतु समजून घेणे म्हणजे समर्थन करणे नव्हे. मानववंशशास्त्राचे शिक्षण घेतलेले मिशनरी आणि १९६९ साली आगात्सचे बिशप झालेले आल्फोन्स सोवाडा यांनी हा भेद ओळखला होता. १९६० च्या दशकात शासनाने अस्मातांचे उत्सव बंद पाडले; मिशनऱ्यांनी मात्र १९७३ साली आगात्स येथेच संग्रहालय उभारले. लाकूड तेथेही जपलेच जाते. पण कोरणाऱ्यांच्या नातवंडांना होडीतून तेथवर पोहोचता येते.

हे सारे दूरदेशीचे, असे समजू नका. जुने गोवे येथील ख्रिस्ती कला संग्रहालयात पर्यटकाला चषकावरील नक्षी दिसते. आपल्याला त्यात मिस्साबली दिसतो, आणि कोणी त्याला नुसते ‘सुरेख भांडे’ म्हटले तर आपले मन दुखावते. मग वारली चौक ‘छान डिझाइन’ म्हणून लग्नपत्रिकेवर छापताना आपले मन का कचरत नाही? वारल्यांच्या सवाशिणी तो लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहितात. त्यात पालघट देवी विराजमान असते.

तिची उपासना आपण करणार नाही. पण तिला शोभेची वेलबुट्टी समजण्याचा अधिकारही आपल्याला कोणी दिलेला नाही. पत्रिका छापण्यापूर्वी एखाद्या वारली आजीला एवढेच विचारा : ‘आजी, हा चौक कशासाठी लिहितात?’