“तब्येत सुधारली” म्हणजे काय हो, काकू?



आम्ही मोठ्या गटातल्या मुली. मागच्या महिन्यात वर्गात विरुद्धार्थी शब्द चालू होते. उंच-ठेंगणा, जाड-बारीक. “हे तुम्हाला आधीच कसे पाठ?” असे बाईंनी विचारले आणि आम्ही हसलो. हे शब्द पुस्तकातून शिकावेच लागत नाहीत. मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमाला, हॉलच्या दारात चपला काढतानाच ते कानांवर येतात. “अगंबाई, केवढी सुटलीस!” “काय गं ही वाळलीस, आई जेवायला घालत नाही का?” आणि सगळ्यांत सभ्य म्हणजे, “तब्येत सुधारलेली दिसते हं!” आमच्यातल्या एकीला हे शेवटचे वाक्य बरेच दिवस कौतुकाचे वाटत होते. आईने गाडीत अर्थ सांगितला तेव्हा ती रडली.

मग त्याच काकू पंगतीत आग्रह करतात, “अजून एक मोदक घे, लाजू नकोस.” घ्यावा तर सुटलीस, न घ्यावा तर वाळलीस. आम्ही करायचे तरी काय?

कुणाच्या मनात वाईट नसते, हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्या एका आजी सांगतात, पूर्वी माहेरी आलेली लेक अंगाने भरलेली दिसली की आईला बरे वाटे; सासरी पोटभर मिळते आहे असा त्याचा अर्थ. फिजी बेटांवरही तसेच होते. भरलेले अंग चांगले, वाळणे काळजीचे. १९९५ मध्ये तिथल्या नाद्रोगा भागात टी.व्ही. नुकताच आला होता. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर यांनी तेव्हा शाळकरी मुलींची पाहणी केली, तर वजनासाठी मुद्दाम उलटी काढणारी एकही मुलगी नव्हती. १९९८ मध्ये पुन्हा विचारले, तर शंभरात ११ निघाल्या. तीन वर्षे आणि एक टी.व्ही.! आमच्या तर खिशात फोन आहे. आजीचे वाक्य तेच असते, पण ते आमच्या कानांवर पडते तेव्हा डोक्यात आधीच दिवसभर पाहिलेले फोटो बसलेले असतात.

आमच्या एका मैत्रिणीची हकिगत तिला विचारूनच लिहितो आहोत. तिने आधी चतुर्थी धरली, मग गुरुवार, मग शनिवार. “इथे वाढूनही किती श्रद्धाळू!” असे कौतुक झाले. उपासाला ती साबुदाण्याची खिचडीसुद्धा खात नव्हती, हे कुणी पाहिले नाही. एरवी “शाळेत खाल्ले” हे ठरलेले उत्तर. भर उन्हाळ्यात स्वेटर, केस गळायला लागलेले, पाळी बंद. आणि गणपतीत सगळ्या तिला म्हणाल्या, “किती छान बारीक झालीस! आमच्या हिलाही सांग जरा.” पाच आठवड्यांनी ती हॉस्पिटलमध्ये होती. आता बरी आहे, पण शाळेचे एक वर्ष गेले.

“ही इंग्रज मुलींची थेरं, आपल्यात नसतात,” असे काही पालक म्हणतात. थेरं नव्हेत, आजार आहे, आणि त्याला उपचार लागतात. वजन बेताचे असलेल्या मुलींनाही तो होतो, मुलांनाही होतो. जेवून उठल्याबरोबर बाथरूममध्ये जाणे, ताटातले चिवडत बसणे, एकाएकी सगळे उपास धरणे असे दिसले, तर वजन आणखी घटायची वाट न पाहता जी.पी.कडे जावे.

आई-बाबांनी स्वतःला दोष देत बसू नये. लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये १९८०च्या दशकात जी उपचारपद्धत आकाराला आली, तिची सगळी भिस्त आई-बाबांवरच आहे. मुलीला पुन्हा नीट खाती करण्याची जबाबदारी सुरुवातीला तेच घेतात. आमच्या मैत्रिणीचे बाबा तीन महिने दुपारी ऑफिसमधून निघून शाळेबाहेर येत आणि गाडीत शेजारी बसून तिला डबा खायला लावत. पोळी, भाजी, दही, सगळे संपेपर्यंत. भांडणेही पुष्कळ झाली, असे ती सांगते.

चिडवण्याबद्दलही लिहायला हवे. घरचे वजनावरून चिडवतात त्या मुलींत खाण्याच्या तक्रारी जास्त, आणि घरात सगळे एकत्र जेवतात तिथे कमी, असे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या पाहण्यांत दिसले आहे. तेव्हा “ढब्बू” हे लाडाचे नाव आता पुरे, दादा!

येत्या गणपतीत आमचे मागणे एवढेच, की दारात आम्हाला पाहिल्यावर पहिले वाक्य अंगाबद्दल नको. “बारीक झालीस” हेसुद्धा नको. नाटकात कोणते काम केलेस, सध्या काय वाचतेस, असे काहीही विचारा. (परीक्षेचे मात्र जपून.) आणि आईलोकहो, आरशासमोर उभ्या राहून तुम्ही स्वतःच्या पोटाला जी नावे ठेवता, तीही आम्हाला ऐकू येतात. आम्हीही एकमेकींच्या फोटोंवर तसले बोलणे बंद करायचे ठरवले आहे. दोघी अजून विसरतात.

मोदकाचा आग्रह चालेल. पण एकदाच.

— मोठ्या गटातल्या मुली