मुलांचे घोरणे कौतुकाचे नव्हे

वर्गात तोंड उघडे टाकून बसणारा, क्षुल्लक कारणावरून चिडणारा आणि अभ्यासात सदैव मागे राहणारा एखादा मुलगा प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचा असतो. प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा पडतो. घरी बोलणी बसतात आणि शिकवणीचा एक तास वाढतो. हा मुलगा रात्री झोपतो कसा, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः काही मुलांच्या बाबतीत उत्तर तेथेच दडलेले असते.

नाकाच्या मागे, पडजिभेच्या वरच्या बाजूस, अ‍ॅडेनॉइड नावाची एक ग्रंथी असते. साधारणपणे दोन ते आठ वर्षांच्या वयात ही ग्रंथी व घशातील टॉन्सिल्स श्वासमार्गाच्या मानाने मोठ्या असतात. त्या फाजील वाढल्या म्हणजे मूल तोंडाने श्वास घेऊ लागते. झोपेत स्नायू सैल पडतात आणि मार्ग अधिकच अरुंद होतो. मग मूल घोरते, मध्येच काही क्षण त्याचा श्वास अडतो, ते दचकते, घामाघूम होते. कधी सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत येते. नऊ-दहा तास अंथरुणात काढूनही त्याची झोप पुरी होत नाही. झोप न झालेला प्रौढ पेंगतो. मूल मात्र पुष्कळदा चिडखोर आणि चळवळे होते. त्यामुळे व्याधीला ‘द्वाडपणा’ हे नाव मिळते.

हे ज्ञान आजचे नाही. कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयर या डॉक्टरांनी १८६८ साली अ‍ॅडेनॉइडच्या वाढीचे वर्णन केले होते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये हे प्रमाण शंभर मुलांत सुमारे एक ते पाच असल्याचे नमूद करून, प्रत्येक मुलाच्या तपासणीत घोरण्याविषयी विचारावे, अशी शिफारस केली. आपल्याकडे मात्र मूल घोरू लागले की ‘किती गाढ झोपलाय!’ असे कौतुक होते. आईला शंका आलीच, तर ‘मोठा झाला की जाईल’ असे सांगून तिची बोळवण होते.

या सांगण्यात तथ्य मुळीच नाही, असे नव्हे. वयाबरोबर अ‍ॅडेनॉइड आकसते. अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शस्त्रक्रिया न केलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी सुधारलेली आढळली. शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण सुमारे चारपंचमांश होते. म्हणजे प्रत्येक घोरणाऱ्या मुलावर शस्त्रक्रिया हवीच असे नाही. परंतु तपासून वाट पाहणे वेगळे आणि न तपासताच वाट पाहणे वेगळे. पहिल्यास उपचार म्हणतात, दुसऱ्यास अनास्था.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा आदेश काढला. मुलांच्या झोपेची ही दखल स्वागतार्हच होती. पण ज्याचा श्वासच अडतो, त्याला तासभर अधिक निजून काय लाभणार? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ मध्ये पालघर येथे झाला. त्याअन्वये वैद्यकीय पथकाने शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाड्यांत दोनदा जाऊन मुलांची तपासणी करावयाची असते. त्या तपासणीत पालकांसाठी एकच प्रश्न वाढवावा: ‘मूल आठवड्यातील बहुतेक रात्री घोरते काय?’ हा प्रश्न मुलाला विचारून उपयोग नाही. आपण घोरतो हे त्याला कोठून ठाऊक असणार! तो पालकसभेत शिक्षकांनीच विचारला पाहिजे.

झोपेची रात्रभर चालणारी तपासणी खर्चाची आहे आणि तिची सोय मुख्यतः मोठ्या शहरांत आहे, हे खरे. परंतु निजलेल्या मुलाचे मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रण करून कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखविण्यास खर्च पडत नाही. डॉक्टरांनीही ते आस्थेने पाहावे. रात्र-रात्र उशाशी बसून मुलाचा श्वास मोजणाऱ्या आईची साक्ष हा निदानातील पहिला पुरावा होय. तिला ‘उगाच घाबरता’ म्हणून परत पाठविण्याचा अधिकार कोणालाही नाही.