सर्व्हर बंद पडतो, निलंबित कोण होते?

तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत थायरोकेअरची मध्यवर्ती प्रयोगशाळा आहे. दूरदूरच्या गावांतून आलेले रक्ताचे नमुने तेथे तपासले जातात आणि अहवाल संगणकाद्वारे परत जातात. आरोग्यसेवेचा सारा डोलाराच आज अशा यंत्रणेवर उभा आहे, आणि तिच्यावर घाला पडतो ही काही दूरची गोष्ट नव्हे. शेजारच्या वाशीत एमजीएम रुग्णालयाचे संगणक जुलै 2018 मध्ये हल्लेखोरांनी जखडून टाकले व बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. दिल्लीच्या 'एम्स'वर 23 नोव्हेंबर 2022 रोजी तोच प्रसंग ओढवला. पाच सर्व्हर निकामी झाले आणि नोंदणीपासून तपासणीपर्यंतचे काम कित्येक दिवस कागदावर रेटावे लागले.

काही दिवसांतच दोन संगणक-विश्लेषक निलंबित झाले! व्यवस्थापनांची ही जुनी खोड आहे. रेल्वेला अपघात झाला की प्रथम पॉइंट्समन दोषी ठरतो.

आयर्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेने मात्र 14 मे 2021 च्या हल्ल्यानंतर स्वतंत्र चौकशी करवून तिचा अहवाल जनतेपुढे ठेवला. एका कर्मचाऱ्याने ई-मेलमधून आलेली फाइल उघडली ती 18 मार्चला. त्यानंतर आठ आठवडे हल्लेखोर यंत्रणेत मोकाट वावरत होते. 31 मार्चला विषाणूरोधक प्रणालीने धोका हेरलाही होता. परंतु ती केवळ टेहळणीपुरती ठेवलेली असल्याने तिने काहीच अडविले नाही. सायबर सुरक्षेची जबाबदारी घेणारा एकही वरिष्ठ अधिकारी त्या अवाढव्य संस्थेत नव्हता. अशा स्थितीत फाइल उघडणाऱ्याला दोष देऊन काय साधणार?

या प्रश्नाचे अर्थकारण साधे आहे. सुरक्षेवरील खर्च टाळला तर बचत मालकाच्या खात्यात जमा होते. पुन्हा रक्त देणे, लांबलेली शस्त्रक्रिया, बुडालेली रोजी हा तोटा रुग्णाच्या माथी येतो आणि कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. म्हणून हे काम बाजारावर सोपविता येणार नाही.

28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत केंद्राच्या 'सर्ट-इन'ला कळविणे बंधनकारक आहे. परंतु रात्रपाळीत तो प्रथम कोणाच्या लक्षात येतो? बहुधा नोंदणी-खिडकीवरील कंत्राटी ऑपरेटरच्या. तोंड उघडले तर उद्या कंत्राटदार कामावर घेईल की नाही, ही धास्ती त्याच्या मनात असते. तो गप्प राहिला की ते सहा तास मोजावयास प्रारंभच होत नाही. प्रामाणिकपणे चूक कळविणाऱ्यावर कारवाई होणार नाही अशी लेखी हमी आणि संशयित संगणक तत्काळ जाळ्यापासून तोडण्याचा अधिकार त्याला मिळाल्यावाचून कोणतीही महागडी प्रणाली फारशी कामास यावयाची नाही. परिचारिकांसह सर्वांची कागदावर काम चालविण्याची रंगीत तालीमही नियमाने व्हावयास हवी. माहितीच्या प्रती जाळ्यापासून अलग ठेवल्या जावयास हव्यात.

नवी मुंबईतील रुग्णालयांच्या कामगार संघटनांनी पुढील मागणीपत्रात वेतनाच्या कलमाखालीच ही कलमे घालावीत. कंत्राटी कामगारांना त्यांतून वगळू नये.