घर-संसार : अंथरूण वेगळे घातले म्हणून



एका उपासिकेचे पत्र आले आहे. पतीला चार वर्षांपासून कंपवात आहे. डॉक्टर त्याला पार्किन्सन म्हणतात. दिवसा हात थरथरतो, चाल मंदावली आहे, पण माणूस गरीब, कधी शब्दाने दुखावले नाही. पहाटे दोन-तीनच्या सुमारास मात्र तोच माणूस झोपेत ओरडतो, लाथा झाडतो, बुक्के मारतो. बाईंच्या दंडावर काळेनिळे डाग आहेत. शेजारीण म्हणते, म्हातारपणी प्यायला लागले वाटते. नणंद म्हणते, बाहेरचे काही असेल, कुणाला तरी दाखवा. बाई विचारतात, "मी वेगळे अंथरूण घातले तर यांना वाटेल, आजारपणात मला टाकले. काय करू?"

आधी नणंदेचे पाहू. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात अंगारा-धुपारा कशाला? हा मेंदूचा विकार आहे. आपल्याला स्वप्न पडते तेव्हा मेंदू हातपाय ढिले पाडून ठेवतो, म्हणून स्वप्नात पळालो तरी अंथरुणातच राहतो. पार्किन्सनच्या पुष्कळ रुग्णांत हा लगाम सुटतो. स्वप्नात कुत्रे अंगावर आले की माणूस खरोखर लाथ मारतो, आणि ती शेजारी झोपलेल्या बायकोला बसते. पार्किन्सन हा आजार लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली वर्णन केला. झोपेतल्या या मारहाणीला मात्र अमेरिकेतल्या शेंक आणि महोवाल्ड या डॉक्टरांनी १९८६ साली आजार म्हणून ओळख दिली. तोवर किती बायकांनी मुकाट्याने मार खाल्ला असेल! काहींना तर हात थरथरण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून हा त्रास असतो.

(जागेपणी हात उगारणाऱ्याने मात्र या आजाराच्या आड लपू नये. ते प्रकरण वेगळे.)

तेव्हा बाई, अंथरूण वेगळे घालाच. तुमची झोप गेली, हाड मोडले, तर त्यांना बघणार कोण? पण न सांगता घालू नका. दिवसा, चहा पिताना, त्यांना डाग दाखवून सांगा. पुष्कळांना आपण रात्री काय केले ते आठवतही नसते. झोपण्याआधी अर्धा तास त्यांच्याजवळ बसा, पडा, हाताला तेल चोळा, बोला. मग आपल्या अंथरुणावर जा.

दहा बाय दहाच्या खोलीत वेगळे म्हणजे कुठे, हा खरा प्रश्न. त्यांना खाली झोपवू नका, या आजारात जमिनीवरून उठणे फार जड जाते. कमी उंचीची खाट भिंतीला लावा, मोकळ्या बाजूला खाली जाड गोधडी घाला. तुमचे अंथरूण त्या गोधडीच्या पलीकडे, हात-पाय पोचणार नाही इतके लांब. काचेचे कपाट, शिलाई मशीन, हंडा-कळशी खाटेजवळून हलवा. ते ओरडू लागले तर धरायला धावू नका, लांबूनच नावाने हाक मारा. या आजारात आवाज बारीक होतो, म्हणून त्यांच्या उशाशी एक घंटी ठेवा. सायकलची जुनी चालेल. कूस बदलता येत नसेल तर कमरेखाली जुनी नायलॉनची साडी अंथरा, अंग सरकते. ती खाटेच्या काठापर्यंत मात्र नको, उठताना घसरतील. लघवीसाठी भांडे जवळ असू द्या आणि मंद दिवा चालू ठेवा.

विनयपिटकाच्या महावग्गात भगवंतांनी सांगितले आहे की, आजाऱ्याने आपला आजार शुश्रूषा करणाऱ्याला जसा आहे तसा सांगावा. इथे आजारी माणूस झोपेत असतो, म्हणून रात्रीचे तुम्हीच डॉक्टरांना सांगायचे. डॉक्टर हात बघतात, चालायला लावतात. रात्रीचे विचारायचे राहून जाते. मुलाला मोबाईलवर चित्रण करायला सांगा आणि ते दाखवा. या त्रासावर औषधे आहेत. रात्री अंग लाकडासारखे होत असेल तर गोळ्यांच्या वेळाही डॉक्टर बदलून देतात. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका. मेडिकलमधून झोपेची गोळी तर मुळीच आणू नका, तिच्या गुंगीत माणूस पडतो.

आणि मुलगा आहे ना घरात? आठवड्यातून दोन रात्री त्याने वडिलांजवळ झोपावे. सुनेचे नाव पुढे करू नका, वडील त्याचे आहेत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचा समावेश आहे. सरकारी रुग्णालयात तपासणी करून प्रमाणपत्र मिळते. चाळीस टक्के वा अधिक भरले तर सवलतींसाठी ते उपयोगी पडते. कागद वेळेत करून घ्या.

शेजारणीने पुन्हा विचारले तर तिला हे पान वाचायला द्या.