राखणीचा हिशेब

पीककर्जाच्या अर्जात बियाणे, खत, औषध, नांगरट, मजुरी असे रकाने असतात. बँकेच्या नोकरीतली माझी बरीच वर्षे हे रकाने तपासण्यात गेली. कोकणातल्या एका शाखेत असताना भाताच्या कर्जाची थकबाकी विचारायला एका वाडीवर गेलो होतो. म्हाताऱ्या कर्जदाराने खळ्यात बसवले, पाणी दिले आणि शांतपणे म्हणाला, ''सायबानू, पेरणी आमची नि कापणी डुकरांची. वसुली त्येंच्याकडसून करा.'' मी हसलो. नंतर त्याने मागचा कुणगा दाखवला, तेव्हा हसू राहिले नाही. पीक खाल्लेले थोडे आणि लोळून झोपवलेले जास्त होते. शाखेत परतल्यावर मी अर्ज पुन्हा पाहिला. त्यात राखणीचा रकाना नव्हता. मी निवृत्त झालो, तोवर तरी तो आलेला नव्हता.

शेतकऱ्याने राखण करायची ती कशाने, याचे उत्तर आपल्या कायद्याने १९५९ साली देऊन ठेवले आहे. शस्त्र कायद्याचे तेरावे कलम मोठे वाचनीय आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी नागरिकाने मागितल्यास त्याला ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असे ते सांगते. ठासणीची बंदूक पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. याच कलमात पॉइंट २२ बोअरच्या रायफलीचाही उल्लेख आहे, पण तो रायफल क्लबच्या सदस्याला निशाणेबाजीच्या सरावासाठी. म्हणजे कागदावर नेम धरणाऱ्याला अचूक हत्यार आणि पिकावर आलेल्या जनावरावर नेम धरणाऱ्याला अचूकतेची हमी नसलेले! पॉइंट २२ रानडुकराला पुरी पडणार नाही, हे खरे. पण ईशापूरच्या सरकारी कारखान्यात पॉइंट ३१५ बोअरची शिकारी रायफल वर्षानुवर्षे होत आली आहे. तिच्यासाठी मात्र अर्जदाराला 'सबळ कारण' पटवून द्यावे लागते. उभे पीक जाणे हे पुरेसे सबळ कारण आहे की नाही, ते टेबलापलीकडचा माणूस ठरवतो.

फरक समजून घेतला पाहिजे. रायफलीच्या नळीला आतून पीळ असतो. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि धरलेल्या नेमावर राहते. ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून दारू, चिंध्या आणि छर्रे घालून गजाने ठासायचे, केप बसवायची आणि देवाचे नाव घेऊन चाप ओढायचा. भात पोटरीला येते ते दिवस कोकणात पावसाचे. दारू सर्दावते, बार फुसका जातो. उडालाच, तर छर्रे पसरतात. दुसरा बार भरेपर्यंत कळप पसार झालेला असतो आणि जखमी डुक्कर झाडीत शिरून दोनदोन दिवस तडफडत मरते. अचूक हत्यार म्हणजे क्रौर्य आणि गचाळ हत्यार म्हणजे अहिंसा, असा आपला एक गोड समज आहे. प्रत्यक्षात एका गोळीत जागीच येणारे मरण हे त्यातल्या त्यात दयेचे असते.

बरे, ही बंदूक तरी हाताशी असते का? निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. २०२४ साली विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. कोकणात तेव्हा भात कापणीला आले होते. डुकरांना आचारसंहिता लागू नसते.

आणि बंदूक हाताशी असली तरी ती झाडायची परवानगी वेगळी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानडुक्कर संरक्षित आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकाचे नुकसान करणाऱ्या अशा प्राण्याला मारण्याची लेखी परवानगी वन विभागाचा अधिकृत अधिकारी देऊ शकतो, पण मारलेले जनावर सरकारची मालमत्ता ठरते. अर्ज, पाहणी, परवानगी, पंचनामा एवढे सोपस्कार आणि रात्री दोन वाजता आलेला कळप, यांचे वेळापत्रक जुळत नाही.

मग माणसे काय करतात? तारेची फासकी लावतात. कुंपणात वीज सोडतात. गावठी बॉम्ब पेरतात. हे सगळे स्वस्त, बिनआवाजी आणि बिनपरवान्याचे असते. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकतो. डुकरासाठी सोडलेल्या विजेने शेजारचा गुराखी मरतो, कधी घरधनीच मरतो. हिशेब तपासणाऱ्या माणसाला यातली विसंगती चटकन दिसते. वैध मार्ग इतका महाग केला की व्यवहार बंद पडत नाही, तो खतावणीबाहेर जातो. सावकारीच्या बाबतीत आम्ही हेच पाहिले आहे.

म्हणून घरोघरी रायफली वाटा, असे मी म्हणणार नाही. रायफलीची गोळी चुकली तर किलोमीटरपलीकडेही जीव घेऊ शकते आणि कोकणात एका वाडीची हाक दुसऱ्या वाडीला ऐकू जाते. भाऊबंदकीच्या वादात ती कोणावर रोखली जाईल, याची जामिनकी कोण घेणार? दुसरे टोकही आपण पाहिले आहे. २०१६ साली बिहारात मोकामा परिसरात हैदराबादहून नेमबाज आणून दोनशेच्या वर नीलगाई मारल्या गेल्या. त्यावरून मेनका गांधी आणि प्रकाश जावडेकर या एकाच मंत्रिमंडळातल्या दोन मंत्र्यांत जाहीर खडाजंगी झाली. एकदा येऊन शेकडो मारून जाणे ही राखण नव्हे. राखण रोजची असते आणि ज्या कळपाने पिकाची चटक घेतली, त्याच्यापुरती असते.

केरळने २०२२ साली मधला रस्ता काढला. उपद्रवी रानडुक्कर मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार त्यांनी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना दिला. विष, स्फोटके आणि वीज मात्र वर्ज्य. निर्णय गावात, काम परवानाधारकाच्या हातून आणि नोंद कागदावर, हे त्यातले घेण्यासारखे. बँकेच्या दारातल्या गार्डाची बंदूक पुष्कळदा बँकेच्या परवान्यावरची असते. ठेवीदाराच्या पैशाला संस्थेची बंदूक चालते, तर गावाच्या भाताला का चालू नये? पाचदहा गावे मिळून एक चांगली, पारखून घेतलेली रायफल, तिच्यावर हात बसलेला एक प्रशिक्षित माणूस, कुलपातले कपाट आणि प्रत्येक काडतुसाची रोजकीर्द. वाटून घेतला तर हा खर्च अल्पभूधारकालाही झेपेल. जोडीला कुंपणाला अनुदान हवेच, कारण गोळी हा शेवटचा उपाय आहे.

नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले, की खरीप २०२६पासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान पीकविम्यात घेतले जाईल. नुकसान झाल्यावर ७२ तासांत मोबाइलवरून छायाचित्रासह कळवायचे. ही चांगली गोष्ट आहे. निदान नुकसानीला एक रकाना मिळाला. परंतु भरपाई म्हणजे राखण नव्हे. त्या म्हाताऱ्याने माझ्याकडे पैसे मागितले नव्हते. त्याला आपले भात कापायचे होते.

त्याचे खाते पुढे आम्ही बुडीत म्हणून काढून टाकले. कारणाच्या रकान्यात मी लिहिले होते, 'नैसर्गिक आपत्ती'. आज ते लिहिताना माझा हात अडखळेल.