भुताऐवजी संत

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मुलं चेटकीण, सांगाडा, नाहीतर बॅटमॅन होऊन दारोदार चॉकलेटं मागत हिंडतात. हा हॅलोवीन. पण काही ख्रिस्ती घरांतून त्याच सुमारास निराळीच वरात निघते. कमरेला दोर बांधलेला, खांद्यावर कापसाची चिमणी बसवलेला सेंट फ्रान्सिस. पुठ्ठ्याची तलवार घेतलेली जोन ऑफ आर्क. पांढऱ्या चादरीला निळ्या पट्ट्या चिकटवून झालेली मदर तेरेसा. आमचं मूल भूत होणार नाही, असं आईबापांनी ठरवलेलं असतं.

हा हट्ट तसा उपरा नाही. हॅलोवीन या नावाचा अर्थच मुळी सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या. तो सण १ नोव्हेंबरला, तर दुसऱ्या दिवशी मृतांचं स्मरण. आपल्याकडे वसईतले आणि गोव्यातले कॅथलिक तेव्हा कबरींवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. २००२ साली पॅरिसमध्ये कॅथलिकांनी हॅलोवीनला पर्याय म्हणून 'होलीविन्स' सुरू केलं. पावित्र्याचा जय, असा त्या शब्दाचा खेळ. प्रोटेस्टंट मंडळी संतांना फारसं मानत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे बायबलमधले नोहा, गोफणवाला दावीद, सिंहांच्या गुहेतला दानिएल. बाबांचा आंघोळीनंतरचा झगा अशा वेळी फार उपयोगी पडतो!

गंमत अशी, की भीतीदायक नको म्हणून भूत टाळावं, तर संतांच्या गोष्टी कुठे सौम्य आहेत? चित्रांतल्या सेंट लुसीच्या हातातल्या तबकात तिचेच डोळे असतात. सेंट डेनिस आपलं तोडलेलं शिर हातात धरून उभा असतो. आणि पोरांना नेमके हेच आवडतात. आवडेनात का! सांगाड्यामागे गोष्ट नसते, यांच्यामागे असते.

प्रश्न आहे तो निवड कुणाची, हा. पाच वर्षांचं पोर आई घालील ते घालतं. अकरा वर्षांच्या मुलाला मात्र सगळी दोस्तमंडळी बॅटमॅन झालेली असताना एकट्यानं दाढी लावून मोझेस व्हायला लावलं, तर मोझेसबद्दल त्याच्या मनात आदर वाढेल कसा? फोटो तेवढा छान येईल. काही चर्चमध्ये याहून बरी रीत आहे. मुलानं पुढे यायचं, आपल्या संताच्या आयुष्यातल्या तीन खुणा सांगायच्या आणि इतरांनी नाव ओळखायचं. त्यासाठी चरित्र वाचावं लागतं, संतही स्वतःच शोधावा लागतो.

थोड्या मोठ्या मुलांसाठी आता कार्लो अकुटिस आहे. कॉम्प्युटरवर रमणारा हा इटालियन मुलगा २००६ साली पंधराव्या वर्षी ल्युकेमियानं गेला आणि ७ सप्टेंबर २०२५ ला संत म्हणून घोषित झाला. त्याचा वेष म्हणजे जीन्स, लाल टी-शर्ट, पाठीवर सॅक. शिवणकाम शून्य, आणि शाळेत कुणी हसण्याचीही भीती नाही.

परदेशी गेलेल्या वसईकर घरांना तर संत बाहेर शोधायलाच नको. गोन्सालो गार्सिया वसईत जन्मला, जपानात व्यापारात शिरला, पुढे फ्रान्सिस्कन झाला. १५९७ साली नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं. १८६२ मध्ये तो संत ठरला. त्याच्यासाठी सेंट फ्रान्सिसचाच झगा चालतो, फक्त चिमणी काढून हाती क्रूस द्यायचा. तीन खुणांतली पहिली मात्र वसईचीच हवी.