घर आपलं, मग नकाशा ठेकेदाराचा का?

घर 'मटेरियलसह' दिलं की मालकाने फक्त हप्ते द्यायचे आणि वास्तुशांतीला यायचं, हे शहाणपण आता आमच्या मोरगावातही पोचलंय. चौरस फुटाचा दर ठरतो, ठेकेदारच नकाशा काढतो, तोच बांधतो. मालकाने काही विचारलं की उत्तर तयार, "तुम्ही कशाला डोक्याला त्रास करून घेता?"

मला हे साफ नामंजूर आहे. आखणारा आणि बांधणारा एकच असेल, तर चूक दाखवणारा तिसरा माणूस कुणीच उरत नाही. अशा कामात मालकाने जास्तच बोललं पाहिजे.

उगाच बोलत नाहीये मंडळी. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जमीन किती, त्यावर घराचं माप ठरलं: २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. रस्ते रुंद, घरं आखीव ओळींत. पण गोठा कुठे, कडबा कुठे रचायचा, भावकी कुणाच्या शेजारी, हे त्या नकाशात नव्हतं. राहायला गेल्यावर लोकांनी शेड आणि आडोसे आपल्या खर्चाने जोडले.

कमी पडझडीच्या गावांत मात्र दुरुस्तीचे पैसे टप्प्याटप्प्याने घरमालकाच्याच हाती दिले. काम तपासायला इंजिनियर, समजवायला गावोगावी संवाद सहायक. लाखाहून जास्त घरं अशी झाली. पुढे २००१ च्या भूकंपानंतर गुजरातनेही मुख्यतः हाच मार्ग धरला.

आता कुणी म्हणेल, मालकाला काय कळतं? बरोबर आहे! किल्लारीत पडलेली जाड दगडमातीची घरं आणि धाब्याची जड छपरंही मालकांनीच बांधलेली होती. म्हणून फूटिंग, कॉलम, सळई यांत आपण नाक खुपसू नये, ते इंजिनियरचं काम. पण चूल कुठे, म्हातारीला रात्री न्हाणीघर किती लांब, एप्रिलच्या उन्हात दुपारी कुठल्या खोलीत टेकायचं, हे ठेकेदाराला कसं कळणार?

बोलायची वेळ मात्र पाया खणण्याआधीची. स्लॅब पडल्यावर "जिना इकडून घ्या" म्हटलं की तोडफोड होते आणि 'एक्स्ट्रा'चं बिल येतं. मग ठेकेदार म्हणायला मोकळा, मालक फार लुडबुड करतो. अहो, आधी विचारलं असतं तर नंतर लुडबुड कशाला झाली असती?

तेव्हा पुण्या-मुंबईत बसून फोनवरून गावाकडे घर बांधणाऱ्या आमच्या समस्त पाहुण्यांनो, एका रविवारी या. जागेवर फक्कीने खोल्या आखून घ्या, घरातल्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना त्यातून फिरवा, काय बदलायचं ते बदला. ठरलेलं करारात लिहून घ्या आणि मगच पहिला हप्ता द्या.